थोरातांचा कागद आणि दहा किलो तांदूळ

ठाण्यात चरईतल्या एका अभ्यासिकेत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही एक प्रकरण चर्चेला घेतो. येणारी बहुतेक मुलं एमपीएससीची. बाकी चार-पाच माझ्यासारखे निवृत्त, ज्यांचं सकाळी दहाच्या आत वर्तमानपत्र वाचून होतं. यावेळचं प्रकरण होतं लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग थोरात यांचं. नाव सांगितलं तर कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग म्हटलं, "अरे, सैन्यातून निवृत्त झाल्यावर हे तुमच्याच लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते," तेव्हा कुठे वह्या उघडल्या.

त्यांची सगळी कारकीर्द चर्चेला घेतली नाही. एकच कागद घेतला. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी पूर्व विभागाचे प्रमुख म्हणून थोरातांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाचा आराखडा लिहून दिल्लीला सैन्य मुख्यालयात पाठवला. पाच महिन्यांनी, १७ मार्च १९६० रोजी, लखनौच्या आपल्या मुख्यालयात त्यांनी त्याच आराखड्यावर 'लाल किल्ला' नावाचा सराव घेतला. चीनने हल्ला केला तर तो कुठून येईल, किती दिवसांत कुठवर पोचेल आणि आपण त्याला कुठे अडवायचं, हे सगळं त्यात मांडलं होतं. दोन-अडीच वर्षांनी हल्ला झाला आणि आपण अडवलं भलतीकडेच.

ही गोष्ट आपल्याकडे तीन वाक्यांत सांगतात. थोरातांनी सांगितलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ऐकलं नाही. १९६२ झालं. यात खोटं काही नाही. पण तीन वाक्यांवर हळहळता येतं, चर्चा करता येत नाही. मी मुलांपुढे प्रश्न ठेवला तो असा : आराखडा बरोबर होता, लिहिणारा अधिकारी होता, वरचा सेनापती त्याच्या बाजूने होता. मग कागद अडला नेमका कुठे?

माणूस कसा होता

थोरात १९०६ साली जन्मलेले, कोल्हापूरकडचे. सँडहर्स्टला शिकून १९२६ साली अधिकारी झाले. त्यांचं नाव झालं ते ब्रह्मदेशातल्या अराकान किनाऱ्यावर, कांगॉच्या लढाईत, जानेवारी १९४५ मध्ये. या लढाईबद्दल ठाण्याच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. समुद्रातून आत शिरलेल्या खाड्या, दोन्ही बाजूंना तिवरं, ओहोटीला गुडघाभर चिखल. कळव्याच्या पुलावरून खाली बघा, तसलंच. त्या चिखलातून होड्यांनी आत शिरून जपान्यांचा माघारीचा रस्ता तोडायचा होता. ५१ व्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या आणि तिन्हींचे कमांडर भारतीय : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थोरातांच्या २/२ पंजाबने मेलरोज नावाची टेकडी हातघाईची लढाई करून घेतली. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं.

ही तीन नावं फळ्यावर तशीच राहू दिली. पुढे लागणार होती.

युद्धानंतरचा एक प्रसंग सांगतो, कारण त्यात हा माणूस दिसतो. १९५३ साली कोरियात युद्ध थांबलं, पण मायदेशी परत जायला तयार नसलेले २२ हजारांहून अधिक युद्धकैदी उरले. त्यांना सांभाळायला भारताने एक दल पाठवलं. प्रमुख मेजर जनरल थोरात. त्या कैद्यांचा फैसला करणाऱ्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. पहिल्याच दिवसांत कैद्यांच्या एका छावणीने मेजर ग्रेवाल यांना आत ओढून ओलीस धरलं. थोरात मोजक्या माणसांनिशी तारेच्या आत गेले, कैद्यांशी बोलले आणि गोळी न झाडता ग्रेवालना घेऊन बाहेर आले. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र वर्ग २ मिळालं. त्यालाच आता कीर्तिचक्र म्हणतात.

तेव्हा आपल्या प्रकरणातला माणूस भित्रा नव्हता, आणि नुसता नकाशावर रेघा मारणाराही नव्हता. हे आधी सांगावं लागतं, कारण त्याच्या आराखड्यात मागे सरकायचं होतं.

कागदात काय होतं

मॅकमोहन रेषा, म्हणजे नेफा आणि तिबेट यांच्यामधली सीमा, डोंगराच्या धारेवरून जाते. रेषा आपली, म्हणून सैन्य तिथे उभं करायचं, हा आपला सरळ विचार. थोरातांचं म्हणणं उलट होतं. सीमेवर फक्त पहाऱ्याच्या चौक्या ठेवा. शत्रू आला की त्या खबर देतील, थोडं अडवतील आणि मागे येतील. खरी लढाई दक्षिणेला द्या, जिथवर आपला रस्ता पोचतो तिथे. तवांग ज्यात येतं त्या कामेंग भागात म्हणजे बोमडिलाच्या आसपास. शत्रू तेवढा आत आला की त्याची पिछाडी लांब आणि पातळ झालेली असेल, आपली जवळ आणि भरीव. आणि हे करायलाही आहेत तेवढे जवान पुरणार नाहीत, आणखी द्या.

मुलांनी मान डोलावली. एवढ्या पटकन मान डोलावली की मला शंका आली. कागदावर पटलेली गोष्ट खांद्याला पटलेली नसते. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला सगळ्यांना उपवनला बोलावलं आणि येताना वाण्याकडून कोलम तांदळाची दहा किलोची गोणी घेऊन गेलो.

उपवनच्या तळ्यापासून येऊरचा चढ ठाणेकरांना नवा नाही. लोक तिथे फिरायला जातात, गप्पा मारत. गोणी घेऊन कोणी जात नाही. नियम एकच : गोणी खाली टेकवायची नाही, दमलात तर दुसऱ्याच्या खांद्यावर द्या. वन खात्याच्या नाक्यावरच्या माणसाने विचारलं, "पूजा आहे का वर?" पहिला मुलगा जिममध्ये जाणारा, तो हसत निघाला. दुसऱ्या वळणापर्यंत गोणी डाव्या खांद्यावरून उजव्यावर, उजव्यावरून डोक्यावर, डोक्यावरून पोटाशी आली. तांदळाची गोणी खांद्यावर नीट बसत नाही. ती एका बाजूला ओघळते आणि तिच्याबरोबर आपणही वाकतो. तिसऱ्या वळणावर हस्तांतर करताना शिवण उसवली आणि पांढरे दाणे रस्त्याच्या कडेच्या गवतात गेले. मुलं ओंजळीने गोळा करायला लागली. निम्मी माती, निम्मे तांदूळ.

आमच्यात कळव्याचे एक सुभेदार काका आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, दोन वर्षं तवांग भागात काढलेले. ते कठड्यावर बसून बघत होते. म्हणाले, "असू दे रे. हे झालं तुमचं एअरड्रॉप. वरून टाकतात, दरीत जातं, राहील ते आपलं."

हमालाचा हिशोब

परत येऊन फळ्यावर हिशोब मांडला. आकडे समजण्यापुरते, पण गणित खरं.

एक हमाल २५ किलो उचलतो. स्वतः दिवसाला एक किलो शिधा खातो. रस्ता जिथे संपतो तिथून चौकी सहा दिवसांच्या चालीवर आहे. जायला सहा दिवस, यायला सहा. म्हणजे २५ पैकी १२ किलो त्याच्याच पोटात गेले. पोचले १३. वर ८०० जणांची पलटण आहे आणि शिधा, रॉकेल, किरकोळ सामान धरून माणशी रोजचे दोन किलो लागतात. म्हणजे रोज १६०० किलो. भागिले १३ केलं तर रोज १२३ हमाल वर पोचले पाहिजेत. फेरी १२ दिवसांची. म्हणजे जवळपास दीड हजार हमाल सतत वाटेवर हवेत. एका पलटणीसाठी. यात एक काडतूसही धरलेलं नाही, आजारी माणूस खाली आणणं धरलेलं नाही, पाऊस तर नाहीच नाही.

आता तीच पलटण तीन दिवसांच्या चालीवर आणा. हमाल खातो ६ किलो, पोचवतो १९. रोज ८५ हमाल, फेरी सहा दिवसांची. एकूण पाचशेच्या आसपास.

शहापूरकडची एक मुलगी आहे, फार बोलत नाही. ती म्हणाली, "सर, अंतर निम्मं केलं तर हमाल निम्मे व्हायला पाहिजेत. हे तर तिसरा हिस्सा झाले."

तेच. थोरातांच्या कागदाचं सगळं मर्म या एका भागाकारात आहे. सैन्य मागे घेतलं की आपली गरज नुसती कमी होत नाही, कोसळते. आणि शत्रू जेवढा पुढे येतो, तेवढी त्याची गरज त्याच वेगाने फुगते. धारेपलीकडे तिबेटचं पठार आहे, त्यामुळे चीनला सीमेच्या जवळपर्यंत गाडीरस्ता करता येत होता. पण धार उतरून अलीकडे आला की त्यालाही पाठीवरच वाहायचं. थोरातांना लढाई हवी होती ती हे गणित आपल्या बाजूने फिरल्यावर. त्याला माघार म्हणणं म्हणजे कबड्डीत चढाईवाल्याला आत येऊ देणाऱ्या पकडीला पळपुटेपणा म्हणण्यासारखं आहे.

मग अडलं कुठे

इथे तारखा जवळजवळ ठेवून बघाव्या लागतात. २५ ऑगस्ट १९५९ ला नेफात लोंगजूच्या चौकीवर चकमक झाली. ३१ ऑगस्टला सेनाप्रमुख थिमय्या यांनी मेनन यांच्याशी पटत नाही म्हणून राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून परत घेतला. २ सप्टेंबरला नेहरूंनी संसदेत थिमय्यांनाच कानपिचक्या दिल्या. ७ सप्टेंबरला चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून संसदेपुढे आला. तोवर जे चार भिंतींआड होतं ते सगळ्या देशाला कळलं. ८ ऑक्टोबरला थोरातांचा कागद. २१ ऑक्टोबरला लडाखमध्ये कोंगका खिंडीत आपले पोलीस मारले गेले.

म्हणजे कागद निघाला तो अगदी वाईट मुहूर्तावर. ज्या सेनाप्रमुखाच्या हातून तो वर जायचा त्याचा शब्द पाच आठवड्यांपूर्वीच भर संसदेत हलका झालेला. आणि ज्या संसदेला एक इंचही द्यायचा नव्हता, तिच्या सरकारला हा कागद सांगत होता की पहिले काही दिवस, कदाचित काही आठवडे, तवांगसकट बराच मुलूख शत्रूच्या हातात जाईल आणि तो जाऊ द्यायचा.

थिमय्यांनी कागद मेनन यांच्यापर्यंत नेला. मेनन यांनी तो घबराटीचा म्हणून बाजूला सारला, आणि चीनला मी मुत्सद्देगिरीने आवरीन अशी त्यांची भूमिका होती, असं थोरातांनी पुढे लिहून ठेवलं आहे. नेहरूंच्या टेबलावर तो पोचलाच नाही. युद्धानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं आणि हे मला का दाखवलं नाही असं विचारलं, ही हकीकतही थोरातांचीच.

माझं मत मी मुलांना आधीच सांगून टाकतो, लपवत नाही. मेनन यांच्यावर सगळं ढकललं की प्रकरण सोपं होतं. पण त्या कागदाची खरी किंमत राजकीय होती आणि ती किंमत चुकती करणारा माणूस एकच होता, नेहरू. सैनिकी हिशोब चोख होता. तो हिशोब ज्याच्या खिशातून भागवायचा, त्याच्यासमोर बिल कधी ठेवलंच गेलं नाही.

इथे थोडं स्वतःचं सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी नियोजन विभागात होतो. २००४ साली मी एक टिपण लिहिलं होतं : सुट्या भागांचं कोठार नाल्याच्या अंगाला, सखल जागेत आहे, जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली तर पाणी भरेल, कोठार वर हलवा. टिपण फाइलला लागलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडचा आकडा मी बघितला नाही, मी कोठाराच्या दारात कंबरभर पाण्यात तरंगणारी बेअरिंगची खोकी बघत होतो. कित्येक वर्षं मी हे "मी सांगितलं होतं" या सुरात सांगत आलो. थोरातांचं प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा ते टिपण पुन्हा काढून वाचलं. पावसाचे तक्ते होते, उतार होता, नकाशा होता. कोठार हलवायचं तर उत्पादन किती दिवस बंद राहील आणि तो तोटा कोणाच्या खात्यात टाकायचा, याचा त्यात एक शब्द नव्हता. ते वाचून वरिष्ठांनी फाइल बंद केली याचं आता नवल वाटत नाही.

थोरातांची तुलना माझ्याशी करतोय असं कोणी समजू नये. त्यांचा आवाका कुठे, माझं कोठार कुठे.

तुम्ही काय केलं असतं

मार्च १९६० नंतर थोरातांच्या जागी तुम्ही असता तर? दोन तास यावरच गेले.

जिमवाला मुलगा म्हणाला, "सर, सरळ नेहरूंना भेटायचं." सुभेदार काकांनी मान हलवली. सैन्यात पायरी ओलांडून गेलेल्या माणसाचं काम होतं, पण त्याच्या पलटणीचं कधीच होत नाही, असं ते म्हणाले. शिवाय सहा महिन्यांपूर्वी सेनाप्रमुखाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. दुसरा म्हणाला, राजीनामा द्यावा. तो तर थिमय्यांनी देऊन पाहिला होता. एक बारीक चष्मेवाला म्हणाला, पत्रकाराला द्यावा. त्यावर मात्र सगळेच एकदम बोलायला लागले आणि चहा आला तेव्हाच थांबले.

मग शहापूरची मुलगी बोलली. "मला वाटतं त्यांनी 'सोडायचं' असं लिहायलाच नको होतं. 'आत ओढायचं' असं लिहिलं असतं तर?"

"ताई," काका म्हणाले, "शब्द बदललात, ठीक. तवांगच्या गोम्पातल्या, मठातल्या, लामांना काय सांगणार? तुम्हाला आत ओढायच्या योजनेत धरलंय म्हणून?"

ती गप्प झाली. मीही. तिथे राहणाऱ्या मोनपा लोकांचा विचार या प्रकरणाच्या वाचनात माझ्या मनात त्याआधी आला नव्हता, हे कबूल करतो. नकाशावर तवांग एक ठिपका असतो. काकांनी तिथल्या घरांत लोण्याचा चहा प्यायलेला.

खुर्ची रिकामी झाल्यावर

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी आपल्यामागे थोरातांचं नाव सुचवलं होतं. सरकारने प्राणनाथ थापर यांना नेमलं. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले आणि पूर्व विभागाची त्यांची खुर्ची गेली एल. पी. सेन यांच्याकडे. फळ्यावरची तिन्ही नावं आता वाचा. कांगॉच्या चिखलात खांद्याला खांदा लावून लढलेल्या तिघांपैकी एकाने आराखडा लिहिला, दुसऱ्याने वर नेला आणि युद्ध आलं तेव्हा तिसरा त्या खुर्चीत होता. तरी आराखड्याचा मागमूस नव्हता.

याचं कारण मला कोणाच्या नाकर्तेपणापेक्षा साधं दिसतं. सराव घेऊन आराखडा सिद्ध झाला होता, पण मंजूर झालेला नव्हता. मंजुरी नाही म्हणजे पैसा नाही, पलटणी नाहीत, रस्त्याचा क्रम ठरलेला नाही. असा कागद लिहिणाऱ्याबरोबरच निवृत्त होतो. रिकाम्या जागेत दुसरं धोरण आलं. २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीनंतर सीमेला भिडून चौक्या उभारायचा निर्णय झाला, आणि १९६२ च्या उन्हाळ्यात नेफातही आसाम रायफल्सच्या चौक्या रेषेपर्यंत सरकवल्या गेल्या. थोरातांच्या कागदातही सीमेवर चौक्या होत्याच. फरक एवढाच की त्यांच्या चौक्यांच्या मागे लढाईची जागा ठरलेली होती. या चौक्यांच्या मागे काही नव्हतं.

त्यातलीच एक जून १९६२ मध्ये उभारलेली ढोला चौकी. ८ सप्टेंबरला चिनी तिच्यासमोर येऊन बसले. तिला सोडवायला ब्रिगेडिअर जॉन दळवी यांची ७ वी ब्रिगेड नामका चू नदीच्या काठी पाठवली. जवानांच्या अंगावर सुती गणवेश, प्रत्येकाजवळ ५० काडतुसं. बाकी सगळं हमालांच्या पाठीवर, नाहीतर विमानातून टाकायचं, आणि टाकलेल्यातलं बरंच दरीत. वरच्या कोरचे प्रमुख उमराव सिंग यांनी एवढ्या रसदीवर हल्ला जमणार नाही असं सांगितलं, तर त्यांच्याकडून तो भागच काढून घेतला आणि लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांच्यासाठी नवी चौथी कोर उभी केली. १२ ऑक्टोबरला सिलोनला निघालेल्या नेहरूंनी विमानतळावर आपला मुलूख मोकळा करायचे आदेश दिल्याचं सांगून टाकलं. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिन्यांनी नामका चू ओलांडली आणि सकाळ संपायच्या आत ब्रिगेड मोडली. दळवी दोन दिवसांनी पकडले गेले. तवांगही चार-पाच दिवसांत गेलं.

आता उलट बाजूही मांडायला हवी, नाहीतर थोरातांची आरती होईल. चष्मेवाल्याने बरोबर पकडलं : "सर, पण बोमडिलापण पडलंच की. एका दिवसात. तिथेच लढायचं होतं ना त्यांना?" पडलं. १८ नोव्हेंबरला से ला ही खिंड गेली, पाठोपाठ बोमडिला. पण तिथे लढाई झाली ती थोरातांची नव्हती. एक ब्रिगेड से लाला, डिव्हिजनचं मुख्यालय दिरांगला, एक ब्रिगेड बोमडिलाला, असं सैन्य एका लांब रस्त्यावर मण्यांसारखं ओवलेलं. चिनी बगलेने डोंगरातून थेंबांगवरून उतरले आणि मध्येच रस्ता तोडला. जो रस्ता आपलं बळ व्हायचा होता तोच गळफास झाला. तरीही एक शंका राहते. ज्या शत्रूला बगलेच्या पायवाटेने एवढी माणसं उतरवता आली, त्याने थोरातांच्या बोमडिलालाही वळसा घातला नसता कशावरून? त्यांनी मागितलेल्या जादा पलटणी मिळाल्या असत्या तर ती वाट धरून ठेवता आली असती, एवढंच म्हणता येतं. आराखडा निर्दोष ठरला असं मी म्हणणार नाही. त्याची परीक्षाच झाली नाही.

पुढचं थोडक्यात. २१ नोव्हेंबरला चीनने आपणहून युद्धबंदी जाहीर केली. मेनन त्याआधीच गेले होते. त्यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला वगैरे आपल्याला तोंडपाठ आहे. थिमय्या आणि थोरात दोघांनाही राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतलं. तोवर विचारायचं काही फारसं उरलं नव्हतं.

घरचा अभ्यास

जाताना मुलांना काम दिलं : थोरातांचा कागद नेहरूंसाठी एका पानात लिहून आणा. एमपीएससीला पान संपलं की संपलं, तसंच. महिन्याने आलेल्या पानांपैकी बहुतेकांनी हमालांचा तक्ता आधी टाकला होता, येऊर फारच मनावर घेतलेला. चष्मेवाल्याने नकाशा काढला होता, सुरेख.

शहापूरच्या मुलीचं पान अर्धंच भरलेलं होतं. सुरुवात अशी : "हल्ला झाल्यास तवांग काही आठवडे आपल्याकडे राहणार नाही. तिथल्या लोकांना कुठे न्यायचं आणि संसदेत याचं उत्तर कोण देणार, हे दोन निर्णय या महिन्यात हवेत. ते होत नसतील तर खालचा आराखडा वाचू नये." खाली आराखडा सहा ओळींत.

पान फिरत फिरत सुभेदार काकांकडे गेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचलं, खिशातली पेन्सिल काढली आणि "लोकांना कुठे न्यायचं" या शब्दांखाली रेघ मारून समासात लिहिलं, 'म्हाताऱ्यांना उचलायला हमाल वेगळे धरा.'